फ्रिस्को (टेक्सास) : एवढ्या वाढलेल्या गावात आता नवीन कोण येऊ शकतं?

कृष्णाकाठ

डॅलसहून टोलवेने सरळ उत्तरेला आलं की फ्रिस्को लागतं. रेल्वे कंपनीच्या नावावरून नाव पडलेलं, एके काळी कापूस आणि धान्याचं गाव. १९९० च्या जनगणनेत इथे सहा हजारांच्या थोडी वर माणसं होती. २००० मध्ये जवळपास ३४ हजार, २०१० मध्ये १ लाख १७ हजार, २०२० मध्ये २ लाख. २०१६-१७ या एका वर्षात अमेरिकेतल्या मोठ्या शहरांपैकी सगळ्यात वेगाने वाढलेलं शहर म्हणून जनगणना खात्याने फ्रिस्कोचंच नाव जाहीर केलं होतं.

त्याच गावात आता शाळा बंद होतायत. स्टेली मिडल स्कूल २०२५ मध्ये बंद झाली. ज्या फ्रिस्को आयएसडीत (इथल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या मंडळात) २००३ पर्यंत एकच हायस्कूल होतं आणि नंतरच्या वीस वर्षांत ती संख्या बारावर गेली, तिथे विद्यार्थी कमी व्हायला लागलेत. हद्दीबाहेरच्या मुलांनाही प्रवेश खुला करावा लागला. आमच्या वसाहतीतल्या प्राथमिक शाळेत मागे वर्गखोल्या पुरत नसत म्हणून अंगणात तात्पुरत्या खोल्या आणून ठेवल्या होत्या. त्या गेल्या, आणि आता आतल्याच काही खोल्यांत सामान ठेवलंय.

लोक विचारतात, एवढी वस्ती आणि मुलं गेली कुठे? मुलं कुठेही गेली नाहीत, ती मोठी झाली. २००८ ते २०१६ च्या दरम्यान इथे घर घेतलेल्यांची मुलं कॉलेजला गेली आणि आईवडील त्याच चार बेडरूमच्या घरात आहेत. ती घरं रिकामी होत नाहीत आणि झालीच, तर लहान मुलं असलेल्या जोडप्याला परवडत नाहीत.

साधा हिशोब मांडते. साडेपाच लाखांचं घर, वीस टक्के रोख, म्हणजे ४ लाख ४० हजारांचं कर्ज. २०२१ मध्ये तीन टक्क्यांनी घेतलं असेल तर तीस वर्षांचा हप्ता महिना साधारण १,८५५ डॉलर. सात टक्क्यांनी तेच कर्ज २,९२७ डॉलर. वर प्रॉपर्टी टॅक्स महिना पावणेआठशेच्या आसपास, इन्शुरन्स वेगळा, एचओए, म्हणजे वसाहतीच्या संघाची वर्गणी, वेगळी. हजार डॉलरच्या या फरकाने बाहेरच्याला आत येणं अवघड केलं आणि आतल्याला हलणं. ज्याच्याकडे तीन टक्क्यांचं कर्ज आहे तो लहान घरात जायला निघाला, तर कमी जागेसाठी जास्त हप्ता भरेल. कोण जाईल?

माझं म्हणणं असं की आपलं गाव श्रीमंत होतंय हे वाक्य अपुरं आहे. कमी मिळवणाऱ्याला आत यायला जागाच उरली नाही, त्यामुळे गावाची सरासरी चढलेली दिसते. इथे राहणाऱ्यांनी, आजूबाजूच्या गावांत गेलेल्यांनी आणि जाण्याचा विचार करणाऱ्यांनी आपापलं निरीक्षण लिहावं.

---

अंकगणित

महत्त्वाचा विषय. आकड्यांत थोडी भर घालतो.

२००० च्या जनगणनेत फ्रिस्कोचं मध्यम घरगुती उत्पन्न वर्षाला ७९ हजार डॉलरच्या आसपास होतं. अलीकडच्या जनगणना खात्याच्या अंदाजात ते १ लाख ४५ हजारांच्या आसपास आहे. आकडा जवळजवळ दुप्पट दिसतो. पण याच काळात अमेरिकेतली महागाई साधारण पावणेदोन पट झाली. म्हणजे २००० मधले ७९ हजार आजच्या भावात १ लाख ३८-४० हजार होतात. महागाई वजा केली तर मधल्या घराची मिळकत फारशी वाढलेलीच नाही. हे गाव गरिबाचं श्रीमंत झालं नाही. वाढायला लागलं तेव्हापासूनच इथे चांगल्या पगाराची माणसं येत होती.

बदललं ते त्या पगारात काय मिळतं हे. तेव्हा मधल्या उत्पन्नाच्या घराला अडीच-तीन वर्षांच्या पगाराएवढ्या किमतीत नवं कोरं घर मिळत असे. आज त्याच उत्पन्नाला साडेचार वर्षांचा पगार लागतो, आणि व्याजदरही चढे आहेत. म्हणून 'गावाची सरासरी चढली' यापेक्षा 'त्याच उत्पन्नातल्या माणसाला आता हे गाव परवडत नाही' असं मी म्हणेन. ही गोष्ट जास्त गंभीर आहे, कारण यात फक्त कमी पगारवाला नाही, तर तुमच्या-माझ्यासारखाच पण दहा वर्षांनी लहान असलेला इंजिनियरही अडकतो.

---

सीमोल्लंघन

तो दहा वर्षांनी लहान इंजिनियर मीच. आम्ही दोघं नोकरी करतो, एक मुलगी तीन वर्षांची. फ्रिस्कोत पाहिलं, मग उत्तरेच्या प्रॉस्परमध्ये पाहिलं, शेवटी त्याच्याही वरच्या सेलिनात घेतलं. सेलिना २०२३ मध्ये देशातलं सगळ्यात वेगाने वाढणारं शहर होतं आणि पुढच्या वर्षी तो मान पलीकडच्या प्रिन्स्टनला गेला. फ्रिस्कोत जे वीस वर्षांपूर्वी झालं तेच वर सरकलंय.

पण एक फरक सांगतो. नवीन वसाहतीत घराची किंमत कमी दिसते, कारण रस्ते आणि पाण्याच्या लाइनी टाकायला काढलेलं कर्ज आमच्या करातून फेडलं जातं. मड किंवा पिड (अशा कामांचा खर्च तिथल्याच घरमालकांकडून वसूल करणारी व्यवस्था) असलेल्या वसाहतीत करांचा एकूण दर अडीच टक्क्यांच्या पुढे सहज जातो. फ्रिस्कोत सगळं मिळून १.७ च्या आसपास आहे. म्हणजे आम्ही किमतीत वाचवलेलं दर महिन्याला करात देतो. ३८० नंबरच्या हायवेवरचं ट्रॅफिक त्यावर. ऑफिस प्लेनोतल्या लेगसी भागात, सकाळी निघायला दहा मिनिटं उशीर झाला की पोचायला अर्धा तास जास्त.

प्रिन्स्टनने २०२४ मध्ये नव्या घरांच्या परवानग्याच काही काळ थांबवल्या. रस्ते आणि पाणी पुरेना. हे चक्र किती वर जाणार? शर्मनपर्यंत? आणि तिथून प्लेनोला रोज यायचं?

---

जुना_वड

आम्ही २००१ ला आलो. स्टोनब्रायर मॉल नुकताच उघडला होता आणि त्याच्या पलीकडे मोकळं रान. मेन स्ट्रीटच्या जुन्या भागात तेव्हा वेगळी माणसं राहायची. मेक्सिकन कुटुंबं होती, बॅटरीतलं शिसं गाळणाऱ्या एक्साइडच्या कारखान्यात काम करणारे होते. तो कारखाना प्रदूषणामुळे २०१२ मध्ये बंद झाला आणि तो बंद होणं आवश्यकच होतं, शिसं पोरांच्या अंगात जातं. पण त्याबरोबर पदवीशिवाय बरा पगार मिळेल अशी या गावातली कामं जवळपास संपली. नंतर आलेली कामं दोन टोकांची. एक तर कॉर्पोरेट ऑफिस, नाहीतर हॉटेल, दुकान, गोदाम. मधलं काही नाही. जुन्या भागातली लहान घरं पाडून तिथे तिप्पट किमतीची उभी राहिली.

गावाने पैसा कसा उभा केला तेही नवीन लोकांनी समजून घ्यावं. टेक्सासमध्ये सेल्स टॅक्स सव्वाआठ टक्के. त्यातले सव्वासहा राज्याचे आणि दोन गावाचे. प्लेनोसारखी गावं आपल्या दोनातला एक टक्का डॅलसच्या बस-रेल्वेला, म्हणजे डार्टला देतात. फ्रिस्को डार्टमध्ये गेलं नाही. तो एक टक्का अर्धा-अर्धा करून दोन विकास महामंडळांना दिला. त्या पैशाच्या जोरावर उद्योग आणले, मैदानं बांधली. अमेरिकन फुटबॉलच्या काउबॉइज संघाचं मुख्यालय २०१६ मध्ये आलं, गोल्फच्या पीजीए संघटनेचं फ्लोरिडातून २०२२ मध्ये आलं. दूरदृष्टी होती यात शंका नाही, आणि काउबॉइजच्या त्या मैदानात आपल्या हायस्कूलच्या पोरांचे सामनेही होतात. पण किंमतही आहे. दोन लाखांच्या गावात गाडी नसेल तर कामावर जाता येत नाही. ज्याला गाडी आणि घर दोन्ही परवडत नाही तो इथे राहूच शकत नाही.

---

निशिगंध

मी शाळेत मदतनीस शिक्षिका आहे. आधी एच-४ वर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसाला जोडून मिळणाऱ्या व्हिसावर, घरी होते. २०१५ मध्ये काही एच-४ बायकांना कामाची परवानगी मिळायला लागली, आमचं ग्रीन कार्डाचं काम पुढे सरकलेलं असल्याने मला ती मिळाली आणि मी शाळेत लागले.

कृष्णाकाठ, तुम्ही रिकाम्या खोल्या लिहिल्यात, मी आतलं सांगते. मुलं कमी झाली की पैसे लगेच कमी होतात, खर्च तसा होत नाही. पाचवीत बावीसऐवजी अठरा मुलं असली तरी शिक्षक एकच लागतो, दिवे तेवढेच लागतात, बसही तेवढीच फिरते. राज्य पैसे देतं ते मुलांच्या रोजच्या हजेरीवर. मूळ रक्कम मुलामागे ६,१६० डॉलर, ती २०१९ पासून २०२५ पर्यंत होती तेवढीच राहिली. लोकांना वाटतं घराची किंमत वाढली, कर वाढला, म्हणजे शाळेकडे पैसा आला. तसं होत नाही. स्थानिक कर वाढला की राज्य आपला वाटा कमी करतं, आणि ठरावीक मर्यादेवरचा पैसा परत राज्याकडे जातो. १९९३ पासूनची पद्धत आहे.

नोव्हेंबर २०२४ ला शाळेसाठी कर थोडा वाढवायचा आणि कर्जरोखे काढायचे प्रस्ताव मतदानाला आले तेव्हा ते नापास झाले. आमच्या स्टाफरूममध्ये त्या दिवशी कुणी फार बोललं नाही. माझ्यासोबतच्या तरुण शिक्षिकेचा पगार साठ हजारांच्या आसपास. ती डेंटनच्या पलीकडून येते. मी रोज तिला तिची डबा-पिशवी, वह्यांचा गठ्ठा आणि कॉफीचा मोठा मग एका फेरीत गाडीतून आणताना बघते, कारण दुसऱ्या फेरीला वेळ नसतो. ज्या मुलांना ती वाचायला शिकवते त्यांच्या शेजारी घर घेणं तिच्या स्वप्नातही नाही.

---

सह्याद्री_७५

विषय मनापासून वाचतोय, पण माझं मत वेगळं आहे आणि ते लिहिणं आवश्यक वाटतं.

आम्ही इथे मोठी उडी मारून घर घेतलं ते शाळेसाठी आणि शांत रस्त्यांसाठी. प्रत्येक मोकळ्या तुकड्यावर चारशे अपार्टमेंट उभी राहिली तर रस्ते तुंबतील. इथे काही चौकांत संध्याकाळी तीन सिग्नल सुटेपर्यंत थांबावं लागतं, ते कुणी मोजत नाही. शिवाय या चर्चेतून 'आत आलेले दार लावतात' असा जो सूर निघतो तो मला अन्यायाचा वाटतो. मी वीस वर्षं एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर काढली. भारतात जन्मलेल्यांच्या ग्रीन कार्डाची रांग माहीत आहे सगळ्यांना, एका देशाला सात टक्क्यांची मर्यादा आहे. नोकरी गेली तर दुसरी शोधायला साठ दिवस. अशा माणसाला घराची किंमत टिकणं म्हणजे एकच आधार असतो. त्याने त्या आधाराला जपलं तर त्याला दोष देऊ नये.

---

कृष्णाकाठ

सह्याद्री, तुम्ही सविस्तर लिहिलंत, बरं झालं. साठ दिवसांची ती धास्ती आमच्या घरानेही पाहिली आहे, त्यामुळे घराच्या किमतीला धरून राहण्यामागची भीती मला पूर्ण समजते. दोष कुणाला देत नाही.

पण किंमत कशावर टिकते ते बघा ना. फ्रिस्कोच्या घराला भाव आहे तो शाळेमुळे. शाळा मुलांवर चालते. मुलं येतात ती तिशीतल्या जोडप्यांबरोबर. ती जोडपी सीमोल्लंघनसारखी सेलिनाला गेली, की दहा वर्षांनी चांगल्या शाळेचा बोर्डही सेलिनाला जाईल. घराचा भाव जपायचा म्हणूनच तरुण कुटुंबांना जागा करणं भाग आहे. यात मला दया किंवा उपकाराचा भाग दिसत नाही.

आणि जागा म्हणजे फक्त चारशेंची अपार्टमेंट नव्हेत. टाउनहोम, दोन-दोन घरांची जोडी, दीड हजार चौरस फुटांचं एकमजली घर. हे इथे फारच कमी बांधलं गेलं, कारण जमिनीचे झोन (कुठे काय बांधता येईल याचे नियम) आणि प्लॉटचे किमान आकार तसे ठरवले गेले. बिल्डरलाही साडेतीन हजार चौरस फुटांत फायदा जास्त.

---

आजोळ

मी सत्तरीची आहे. मुलाकडे फ्रिस्कोत राहते, ग्रीन कार्डवर आलेय. आमच्या वयाच्या लोकांबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते.

या गावातल्या आकडेवारीत आम्ही 'दीड लाख उत्पन्नाच्या घरातले' म्हणून मोजले जातो. प्रत्यक्षात माझ्या नावावर साताऱ्याच्या बँकेतली पेन्शन सोडून काही नाही. गाडी चालवत नाही. बस नाही. सकाळी तळ्याभोवती फिरताना आम्ही सात-आठ जण भेटतो. तेलुगू जास्त, दोन गुजराती, एक तमिळ, मराठी मी आणि एक नागपूरचे काका. हिंदी-इंग्रजी मिसळून बोलतो. शनिवारी कुणाचा मुलगा मोकळा असेल तर कार्यसिद्धी हनुमान मंदिरात जातो. उरलेला आठवडा घर आणि ते तळं.

मुलं फार करतात, तक्रार नाही. पण एका मोठ्या घरात तीन पिढ्या राहतात तेव्हा त्या घराचं उत्पन्न मोठं दिसतं आणि खाणारी तोंडं दिसत नाहीत, एवढं या हिशोबात धरा. चालत जाता येईल अशा अंतरावर वाणसामानाचं दुकान, दवाखाना आणि लहान घरं असती तर नागपूरचे काका-काकू वेगळे राहिले असते. तशी त्यांची इच्छा आहे.

---

अंकगणित

आजोळ, नमस्कार. तुमचा मुद्दा आकड्यांच्या बाजूनेही अगदी बरोबर आहे. घरगुती उत्पन्न मोजताना त्या छपराखालच्या सगळ्यांची कमाई एकत्र धरतात, आणि आपल्या बहुतेक घरांत दोघं कमावते असतात. एकाची नोकरी गेली की ते घर दीड लाखावरून एकदम पाऊण लाखावर येतं, हप्ता मात्र तोच. म्हणून हे मधलं उत्पन्न वाटतं तेवढं भक्कम नाही.

दुसरी नोंद. २००० मध्ये फ्रिस्कोत आशियाई वंशाचे लोक शंभरात दोन-तीन होते, २०१० मध्ये दहाच्या आसपास, २०२० मध्ये चौथ्या हिश्शाहून थोडे जास्त, त्यात मोठा वाटा भारतीयांचा. याच काळात गोऱ्यांचं प्रमाण निम्म्यावर आलं. पण गोऱ्यांची संख्या घटलेली नाही, तीही कित्येक पटींनी वाढली. सगळेच बाहेरून आलेत.

---

पळसफूल

हे शेवटचं वाक्य इंग्रजीत लिहून गावाच्या फेसबुक गटात टाकायला हवं. 'भारतीयांनी आमचं गाव घेतलं' असं तिथे जे चालतं ते वाचून माझी हायस्कूलमधली मुलगी एक दिवस जेवली नाही. तिचा जन्म इथला. ती विचारते, मग माझं गाव कुठलं?

म्हणूनच मला वाटतं आपण फक्त आपल्या गणपतीला आणि मराठी शाळेला जमून भागणार नाही. २०१९ ला डॅलसमध्ये बृहन्महाराष्ट्र मंडळाचं अधिवेशन झालं तेव्हा स्वयंसेवकांची काय फौज उभी राहिली होती! त्यातले किती जण नगरपालिकेच्या मे महिन्यातल्या निवडणुकीत मत देतात? नागरिक झालेले पुष्कळ आहेत. झोन बदलाची सुनावणी असते तेव्हा कुणीही जाऊन तीन-चार मिनिटं बोलू शकतं, त्याला नागरिकत्वही लागत नाही. तिथे विरोध करणारेच येतात, कारण ज्याला घर हवंय तो अजून इथे राहतच नसतो. त्याच्या वतीने कोण बोलणार?

---

सह्याद्री_७५

एकमजली लहान घरं, तळ्यापासून चालत जाता येईल असं दुकान, याला माझा विरोध नाही. उलट आमच्या आईवडिलांसाठी मीच शोधत होतो. रस्त्याचं काम आधी आणि घरं नंतर असं लेखी ठरत असेल तर मी सुनावणीला येईन आणि बाजूने बोलेन. आधी घरं आणि रस्ते पाच वर्षांनी, हे मात्र मान्य नाही.

---

जुना_वड

एक व्यवहाराचा प्रश्न. आम्ही दोघं पासष्टीच्या पुढचे. शाळेचा कर आता गोठलेला आहे. मोठं घर विकून इथेच लहान घेतलं तर ती सवलत जाते का? बरेच जण याच भीतीने हलत नाहीत.

---

अंकगणित

जात नाही. टेक्सासमध्ये पासष्टीनंतरची शाळा-कराची मर्यादा नव्या घराला त्याच प्रमाणात नेता येते. समजा आज तुम्ही पूर्ण कराच्या साठ टक्के भरत असाल, तर नव्या घरावरही शाळा-कराच्या साठ टक्केच भराल. करासाठी घराची किंमत ठरवणाऱ्या अप्रेझल डिस्ट्रिक्टकडून दाखला घ्यायचा आणि नव्या घराच्या होमस्टेड (राहत्या घराच्या करसवलतीच्या) अर्जासोबत जोडायचा. कॉलिन आणि डेंटन असे दोन जिल्हे फ्रिस्कोत येतात, आपलं घर कुठल्या हद्दीत आहे ते आधी बघा.

---

जुना_वड

धन्यवाद. मग कागदाची अडचण नाही, घराची आहे. आम्हाला जिने नकोत, दोन खोल्या आणि मागे तुळस-कढीपत्त्यापुरती जागा पुरे. एजंटने दाखवली त्यातली बहुतेक दुमजली, आणि एकमजली होती ती आमच्या आत्ताच्या घरापेक्षा महाग. आमचं घर सीमोल्लंघनसारख्या कुटुंबाला द्यायला आम्ही आनंदाने तयार आहोत.

---

कृष्णाकाठ

काका, पुढची झोनिंगची सुनावणी कधी आहे आणि त्यात कुठली जागा आहे ते मी नगरपालिकेच्या विषयपत्रिकेतून काढून इथेच टाकते. निशिगंध, तुमच्या त्या शिक्षिकेला बोलायची इच्छा असेल तर विचाराल का? आजोळ, तुम्हाला आणि नागपूरच्या काका-काकूंना न्यायला मी गाडी घेऊन येईन.